क्रँक बदलायचा म्हणजे किती छळ!

ट्रायथलॉनच्या सायकलीला नवा क्रँक (पेडल जोडलेला दांडा) आणि पॉवर मीटर (पायांची ताकद मोजणारे यंत्र) घ्यायचा म्हटले, की साताऱ्यात विक्रेत्याचा पहिला प्रश्न बजेटचाच असतो. बॉटम ब्रॅकेट, म्हणजे क्रँकचा अक्ष ज्यात फिरतो तो फ्रेममधला बेअरिंगचा भाग, कोणता, हे कोणी विचारतच नाही. शिमानो कंपनीच्या क्रँकचा अक्ष २४ मिलिमीटर जाडीचा, स्राम कंपनीच्या ‘डब’ प्रकाराचा २८.९९ चा, ही तफावत ग्राहकाने घरी खोके फोडल्यावर शोधायची का? एरोबारवर (कोपर टेकवून पुढे झुकायच्या हँडलवर) वाकले की मांडी पोटाला भिडते, म्हणून १६५ मिलिमीटर लांबीचा आखूड क्रँक मागावा, तर ‘१७२.५ आहे, तोच बसवा’ हे उत्तर ठरलेले! वर डाव्या बाजूचाच मीटर गळ्यात मारतात, जो एकाच पायाची ताकद मोजून सरळ दुप्पट करतो. मग यवतेश्वरचा घाट चढताना उजवा पाय किती राबला, हे कळायचे कसे? पैसे घेण्याआधी एवढे सांगायला यांचे काय जाते?