बाबाही घाबरले होते

'बापाने स्वतःची भीती कधी दाखवू नये, तरच मुलं निर्धास्त राहतात' हे बापपणावरच्या एका लेखात वाचलेलं वाक्य मला अजिबात पटलं नाही. ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा आम्ही औशाला होतो, मी सात वर्षांची. आदल्या दिवशीच गणपती विसर्जन झालेलं. पहाटे चारच्या सुमारास फळीवरची भांडी धडाधड खाली आली. बाबांनी मला गोधडीसकट उचलून अंगणात आणलं, तेव्हा त्यांचे हात थरथरत होते. मी विचारलं तर म्हणाले, "मला बी भ्याव वाटायलंय. पण मी हितंच हाय."

पुढे कितीतरी दिवस आम्ही अंगणातच झोपलो. बाबा माझ्या पायावर हात ठेवून पडायचे. जमीन जरा हलली की तो हात घट्ट व्हायचा, आणि मी परत झोपायचे.