खुलासा : ‘मेलेलं जनावर उघड्यावर टाका, गिधाडं परततील’

गिधाडदर्शनाच्या सहलींसोबत एक मेसेज फिरतोय : गिधाडाच्या पोटात सगळं पचतं, म्हणून मेलेली गुरं माळावर टाका, पक्षी येतील आणि जवळून फोटोही मिळतील. यातलं अर्धंच खरं आहे, आणि उरलेलं अर्धं गिधाडांच्या जिवावर उठणारं.

गिधाडाच्या जठरातलं आम्ल बरेचसे रोगजंतू मारतं, हे खरं. पण औषधाचा अंश त्यात नष्ट होत नाही. डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक दिलेलं जनावर खाल्लं की गिधाडाची मूत्रपिंडं बंद पडतात आणि काही दिवसांत ते मरतं. शवविच्छेदनात हृदय-यकृतावर चुन्यासारखा पांढरा थर दिसतो. तो साठलेल्या युरिक आम्लाचा. हे कारण 2004 साली सिद्ध झालं, 2006 मध्ये भारतात गुरांसाठी हे औषध बंद झालं. तरी माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात पोहोचत राहिल्या, म्हणून 2015 पासून इंजेक्शन 3 मिलीच्या एका मात्रेपुरतंच. ॲसिक्लोफेनॅक हे दुसरं वेदनाशामक तर गुरांच्या अंगात डायक्लोफेनॅकच बनतं. मेलॉक्सिकॅम हे वेदनाशामक मात्र गिधाडांना सुरक्षित आहे.

तेव्हा शेवटच्या आजारपणात कोणतं वेदनाशामक दिलं होतं हे कळल्याशिवाय जनावर गिधाडांपुढे टाकू नका. आणि जवळून फोटो? कड्यावरचा पक्षी दचकून उठला की एकुलतं अंडं उघडं पडतं. दुर्बीण वापरा.

जुना मेसेज पुढे पाठवू नका. ज्या ग्रुपवर टाकला असेल तिथे हा खुलासा टाका.