मुलाम्याखाली काय आहे ते आधी बघा: कोरीवकामाच्या एका व्हायरल सल्ल्याला उत्तर

हाताने कोरीवकाम शिकणाऱ्यांमध्ये सध्या एक सल्ला जोरात फॉरवर्ड होतोय. त्याचा सारांश असा: बंदूक असो, घड्याळाची डबी, लायटर की ट्रॉफी, कार्बाइडची (टंगस्टन आणि कार्बनच्या अतिकठीण संयुगाची) कोरणी हातात असली की काहीही कोरता येतं. लोहचुंबक चिकटला तर पोलाद, नाही चिकटला तर पितळ. मुलामा नावापुरता असतो, त्यातून सरळ आत जा. फार आडवा आला तर ॲसिडने उतरवा. धातू कडक लागला तर टॉर्चने लाल करून मऊ करा. शेवटी पुन्हा निकेल किंवा क्रोम चढवलं की वस्तू नव्यासारखी.

यातल्या जवळपास प्रत्येक वाक्यात थोडं तथ्य आहे, म्हणूनच ते पटतं. पण या क्रमाने काम करणारा गिऱ्हाइकाची वस्तू कायमची घालवतो, आणि ती वस्तू बंदूक असेल तर चालवणाऱ्याच्या जिवावर बेततं. म्हणून एकेक दावा तपासू.

"चुंबक चिकटला तर पोलाद, नाहीतर पितळ"

चुंबक एवढंच सांगतो की वस्तूत कुठेतरी लोखंड, निकेल किंवा कोबाल्ट आहे. पितळेवर निकेलचा जाड थर असेल तर ताकदवान चुंबक हलकासा ओढला जातो आणि पितळ पोलाद भासतं. उलट ३०४ प्रतीचं स्टेनलेस चुंबकाला धरत नाही. मात्र तेच दाबून-वाकवून घडवलं असेल तर कोपऱ्यांवर थोडं धरतं. ॲल्युमिनियम, जस्ताचं ओतीव, जर्मन सिल्व्हर (तांबं-निकेल-जस्ताचा मिश्रधातू, यात चांदी नसते), टायटॅनियम यांपैकी कशालाच चुंबक लागत नाही. कानपूरच्या कारखान्याने २०१४ मध्ये आणलेलं 'निर्भीक' रिव्हॉल्व्हर टायटॅनियमच्या मिश्रधातूचं आहे. असा धातू पितळ समजून कोरायला घेतला तर तो कोरणीच्या टोकाला चिकटून बसतो आणि रेघ फाटत जाते. मुंबईत धोबी तलावच्या दुकानांतल्या स्वस्त ट्रॉफीवरचा फलंदाज तर बऱ्याचदा क्रोम चढवलेलं प्लास्टिक असतो.

झवेरी बाजारात एक्सआरएफ यंत्रावर (क्ष-किरणांनी धातू ओळखणाऱ्या) वस्तू दाखवून आणली की शंका मिटली, असंही काही जण म्हणतात. भरीव चांदीसाठी ते ठीक आहे. पण ते यंत्र वरचे काही मायक्रॉनच वाचतं, त्यामुळे मुलाम्याच्या वस्तूत थर आणि खालचा धातू यांची सरमिसळ दाखवतं. दाखवायचंच असेल तर न दिसणाऱ्या जागी खरवडून तिथलं वाचन घ्या.

घरच्या घरी करता येण्याजोगी पहिली चाचणी म्हणजे पाण्यातलं वजन. सुटा होणारा भाग घ्या: एखादा स्क्रू, झाकण, ट्रिगर-गार्ड. सोनाराच्या काट्यावर कोरडं वजन करा, मग दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवून, हवेचे बुडबुडे झटकून पुन्हा करा. कोरड्या वजनाला दोन वजनांतल्या फरकाने भागा. ८४ ग्रॅमचा तुकडा पाण्यात ७४ भरला तर उत्तर ८.४, म्हणजे पितळ. ॲल्युमिनियम २.७, टायटॅनियम ४.५, जस्ताचं ओतीव ६.६ ते ६.७, पोलाद ७.८, जर्मन सिल्व्हर ८.७, ९२.५ टक्के चांदी १०.३ च्या आसपास. वस्तू पोकळ असेल किंवा आत प्लॅस्टर भरलेलं असेल तर हा आकडा फसवा येतो.

दुसरी चाचणी कोरणीचीच. आतल्या बाजूला ३ मिलिमीटरची एकच रेघ घ्या आणि दहापट भिंगाखाली कीस बघा. शिसं मिसळलेल्या पितळेचा कीस तुटक, भुरभुरीत येतो. तांब्याचा लांब वळसा निघतो. ॲल्युमिनियम कोरणीला लगडतं. स्टेनलेसचा कीस चिवट दोऱ्यासारखा असतो, आणि कोरणी नुसती घासली गेली तर ती जागा जास्तच कडक होते. तिथे रेघ एका दमात घ्यावी लागते. जस्ताच्या ओतीवात कापाच्या कडेला आधी गुलाबी तांब्याची बारीक रेषा दिसते, मग करडा, दाणेदार धातू आणि खाली टाचणीच्या टोकाएवढी भोकं. ही भोकं दिसली की काम तिथेच थांबवा. त्यात बारीक छटारेघा कधीच स्वच्छ येत नाहीत.

"कार्बाइड असली की बास"

कार्बाइड कठीण आहे, चिवट नाही. पोलादात वळण घेताना मनगट जरा कललं की तिचं टोक उडतं, आणि तो तुकडा रेघेत रुतून बसला तर पुढची कोरणीही त्यावर मोडते. साध्या पोलादाला कोबाल्ट असलेली हाय-स्पीड स्टीलची (हत्यारांसाठीच्या कडक पोलादाची) कोरणी जास्त भरवशाची. १२० अंशांचं व्ही टोक, समोरची धार ४५ ते ५० अंश, टाच (टोकाखालची छोटी तिरकी बाजू) १५ ते २० अंश आणि अर्ध्या मिलिमीटरहून आखूड. टाच लांब राहिली तर वळणाच्या बाहेरच्या कडेवर ती घासते आणि चकचकीत ओरखडा उठतो. नवशिक्यांच्या कामात पानांच्या गोलाईवर हाच दोष दिसतो. कार्बाइड लागते ती कडक जागी, आणि तिथे समोरची धार ५५ अंशांपर्यंत बोथट ठेवली तर टोक टिकतं.

धातू कडक आहे का, हे कानस सांगते. नव्या बारीक कानशीचा कोपरा लपलेल्या जागी हलकेच ओढा. कानस चावली तर कोरता येईल. काचेवरून सरकावी तशी सरकली तर वरची साल कानशीइतकी कडक आहे. जुन्या दुनळी बंदुकांच्या ॲक्शनवर (नळीमागच्या, काडतूस अडवून धरणाऱ्या भागावर) निळे-तपकिरी ढग दिसतात, ती कोळशात तापवून पाणी दिलेली, म्हणजे एकदम थंड करून कडक केलेली, अशीच साल असते. कारखान्यात नक्षी आधी कोरतात आणि पाणी नंतर देतात.

"मुलामा पातळ असतो, सरळ आत जा"

पातळ असतो हे खरं. शोभेचं क्रोम एका मायक्रॉनहूनही कमी, त्याखालचं निकेल साधारण १० ते ३० मायक्रॉन. वाचता येईल असं अक्षर कोरायला ०.१ ते ०.२ मिलिमीटर, म्हणजे १०० ते २०० मायक्रॉन खोली लागते. तेव्हा कोरणी आत जाणारच. प्रश्न आत गेल्यानंतरचा आहे.

एक तर रंग. पांढऱ्या वस्तूवर पिवळी रेघ येते, आणि काही आठवड्यांत ती काळवंडते. दुसरं म्हणजे टवके. वरचा थर ठिसूळ आणि खालचा धातू मऊ असला की कापाच्या दोन्ही कडांना धातू किंचित वर उचलला जातो. थर वाकत नाही, तडकतो. सुरुवातीला केसाएवढी चीर दिसते, वस्तू पुसता पुसता फडक्याला पोपडा लागून येतो. बंदुकीच्या भागांवर हार्ड क्रोम असेल तर त्याची कठीणता ८०० ते १००० व्हिकर्स (कठीणता मोजण्याचं माप). हाय-स्पीड स्टीलची कोरणी तिथे जेमतेम बरोबरी करते. विजेविना चढवलेलं निकेल ४५० ते ५५० च्या घरात असतं, पण भट्टीत तापवून कडक केलेलं असेल तर तेही क्रोमजवळ जातं. दिसायला दोन्ही सारखंच.

तिसरी गोष्ट मुंबईत सगळ्यांत महत्त्वाची. पोलादावरचं निकेल-क्रोम हे झाकण आहे. त्याला चीर पडली की उघड्या पोलादाला गंज जास्त वेगाने धरतो, कारण निकेल स्वतः सुरक्षित राहून पोलादालाच झिजवतं. पावसाळ्यातली खारी, दमट हवा त्याला पुरेशी आहे. जस्ताच्या ओतीवात पांढरी भुकटी धरते आणि मुलामा आतून फुगतो. मुलाम्यावर कोरायचंच असेल तर खालचा धातू पितळ किंवा जर्मन सिल्व्हर आहे याची खात्री करा, एकाच हलक्या फेरीत उथळ रेघ घ्या, कड कानशीने सपाट करू नका आणि काम संपताच पातळ लॅकर मारा. चांदीचा मुलामा असलेल्या तबकावर हिऱ्याचं टोक ओढणं त्याहून बरं. ते धातू काढत नाही, दाबून बाजूला सारतं, आणि थर चांगला असेल तर रेघ चांदीतच राहते.

"ॲसिडने उतरवा"

कोणतं ॲसिड, कशावरून काय उतरवायला, हे त्या सल्ल्यात नाहीच. हायड्रोक्लोरिक ॲसिड क्रोम विरघळवतं, आणि खाली जस्त असेल तर तेही झपाट्याने खातं. नायट्रिक निकेल काढता काढता पितळही खातं आणि तपकिरी विषारी वाफ सोडतं. जुन्या लष्करी सामानाच्या स्क्रू-बोल्टवर कॅडमियम असू शकतं. त्याची धूळ आणि धूर दोन्ही जीवघेणे. चाळीतल्या मोरीत करायचं हे काम नव्हे.

कडक पोलादाचा धोका वेगळा आहे. ॲसिडात सुटणारा हायड्रोजन पोलादात शिरतो आणि ते ठिसूळ होतं. स्प्रिंग त्या दिवशी चांगली दिसते, नंतर कधीतरी ताणाखाली मोडते. कारखान्यात अशा भागांना काही तासांच्या आत सुमारे २०० अंशांवर भाजून हायड्रोजन काढतात.

"लाल करून मऊ करा"

या एका वाक्यासाठीच हा प्रतिवाद लिहावा लागला. बंदुकीची ॲक्शन, बोल्ट, नळी स्फोटाचा दाब झेलतात ते त्यांना दिलेल्या पाण्याच्या जोरावर. लाल केलं की ती ताकद गेली, आणि बाहेरून काहीही कळत नाही. दुनळीच्या मधली पट्टी अनेकदा कथिल-शिशाच्या डाखाने जोडलेली असते. तो १८३ अंशांपासून वितळू लागतो. जस्ताचं ओतीव ३८० अंशांच्या आसपास वितळतं, म्हणजे लाल होण्याआधीच त्याचा गोळा होतो. उष्णतेने कडक केलेलं ॲल्युमिनियम दीडशे अंशांपुढे ताकद गमावू लागतं. बंदुकीच्या कुठल्याही भागाला टॉर्च लावू नका, कानस सरकली तर काम परत करा.

कायदाही इथेच सांगायला हवा. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ नुसार बंदुकीच्या दुरुस्तीला आणि फेरफाराला परवाना लागतो. म्हणून काम परवानाधारक विक्रेत्यामार्फतच घ्या. कलम ८ नुसार ओळखचिन्हं पुसणं किंवा बदलणं गुन्हा आहे. नक्षी नंबराच्या आणि चाचणीच्या ठशांपासून लांब आखा, घासकामाआधी त्या जागेवर जाड टेप लावा.

"शेवटी पुन्हा मुलामा द्या"

जुन्या निकेलवर नवं निकेल सहज धरत नाही. वरचा थर निष्क्रिय झालेला असतो, तो उतरवून किंवा चेतवून घ्यावाच लागतो, नाहीतर नवा थर सोलून येतो. वीज लावून दिलेला मुलामा उंच कडांवर जास्त बसतो आणि रेघेच्या तळाशी कमी. त्यामुळे कडा गोल होतात आणि छटारेघा बुजतात. विजेविना दिलेलं निकेल सगळीकडे सारखं बसतं, पण मुलामेवाल्याकडे तशी सोय आहे का, हे काम हातात घेण्याआधीच विचारा. पुन्हा मुलामा होणार असेल तर रेघा नेहमीपेक्षा थोड्या खोल आणि एकमेकींपासून लांब ठेवा, आणि पॉलिश करणाऱ्याला बफ जोरात दाबू देऊ नका.

धातू ओळखता आला नाही, तर बंदुकीसाठी चांगला मार्ग म्हणजे लाकडी दस्त्यात बसवायची चांदीची पट्टी. ९२.५ टक्के चांदीचा १ मिलिमीटर पत्रा, साधारण २० बाय १४ मिलिमीटरचा लंबगोल. मागे दोन चांदीच्या खुंट्या आधी डाखून घ्या. मग पत्रा दस्त्याच्या गोलाईला जुळवून वाकवा आणि त्यानंतरच अक्षरं कोरा. कोरून वाकवला तर रेघा उघडतात. वाकवलेला पत्रा लाखेत आधार देऊन कोरला तर त्याची गोलाई दबत नाही. लाकडात कड धारदार सुरीने आखून पत्र्याच्या जाडीपेक्षा किंचित उथळ खाच घ्या, म्हणजे वर राहिलेली कड नंतर लाकडाच्या पातळीत घासता येते. खुंट्यांची भोकं अर्ध्या मिलिमीटरने मोठी ठेवा, कारण पावसाळ्यात लाकूड फुगतं आणि घट्ट बसवलेली पट्टी मधून उचलली जाते.