सरळ चाल की रे बाबा!

माझ्या रोबोसाठी पुण्यातल्या तापकीर गल्लीच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून एकाच पिशवीत आणलेल्या दोन पिवळ्या गिअर मोटारी. सख्ख्या बहिणीच, पण एक धावते, दुसरी रेंगाळते. रोबो सरळ जाईल तर शपथ! दर वेळी डावीकडे वळून सोफ्याखाली. उजवीचा पीडब्ल्यूएम, म्हणजे वेग ठरवणारा आकडा, २५५ वरून २३० केला, काल नीट चालला. आज बॅटरी उतरली, पुन्हा सोफा. त्यात मोटारींना वीज पुरवणारा तो एल२९८एन ड्रायव्हर दोनेक व्होल्ट स्वतःच गिळतो, वर तापतो. (९ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीचं तर नावच नको. मोटार फिरली की रोबोचा मेंदू, आर्डुइनो बोर्ड, रीसेट!) आणि जोडणीच्या जंपर वायर? पाहुण्यांसमोर हमखास सुटणार. आई म्हणते, "अरे, जत्रेतली चावीची गाडी तरी सरळ जाते." फेरे मोजणाऱ्या एनकोडरवाल्या मोटारी घ्या म्हणे. घेतो, पगार होऊ दे!