आमच्या घरातले तीन टाइम

१९४२ साली दादरला आमच्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात तीन टाइम नांदत होते आणि त्यांतल्या एकाचंही दुसऱ्याशी पटत नव्हतं. हल्ली लोक मला विचारतात, "तुम्ही युद्ध पाहिलंत ना? कसं होतं हो?" दादरवर एकही बाँब पडला नाही, त्याला मी काय करणार? ब्लॅकआउट होता, काचांना काळे कागद होते, हवाई हल्ल्यापासून बचावासाठी नेमलेले एआरपीवाले रस्त्यातून "दिवा! दिवा!" असं ओरडत हिंडत होते. सिंगापूर पडल्यावर आमच्या माळ्यावरची अर्धी बिऱ्हाडं कोकणात पळाली होती. पण आमच्या घरात युद्ध शिरलं ते घड्याळातून.

दोष आजोबांचा की इंग्रजांचा, हे अजून ठरलेलं नाही. आजोबा म्युनिसिपालिटीतून पेन्शनीत निघालेले. १९०६ च्या १ जानेवारीला सरकारने साऱ्या हिंदुस्थानासाठी एकच स्टँडर्ड टाइम लागू केला तेव्हा ते नोकरीत नवे होते. मुंबईचा स्वतःचा टाइम त्याच्यापेक्षा एकोणचाळीस मिनिटं मागे. शहरात रान उठलं, गिरणीकामगार बिथरले आणि त्याच वर्षी म्युनिसिपालिटीने ठराव करून आपल्या घड्याळांना पुन्हा मुंबई टाइम लावून घेतला. तो पुढे १९५५ पर्यंत चालवला. तेव्हा रेल्वेचा टाइम वेगळा आणि म्युनिसिपालिटीचा वेगळा, हे मुंबईकरांना दूधभातासारखं अंगवळणी पडलेलं होतं. आजोबा छाती काढून सांगत, "अरे, १८८१ साली गव्हर्नर फर्ग्युसनने मद्रासचा टाइम आमच्या गळ्यात मारायला बघितला होता. दोन वर्षांत गाशा गुंडाळला! मुंबईत सूर्य मुंबईचाच उगवणार."

इथवर ठीक होतं. एकोणचाळीस मिनिटांचा संसार आईने जमवून घेतला होता. ९ ऑगस्टला गांधीजींना पकडलं, दादरला ट्राम बंद पडल्या, पोरं प्रभातफेऱ्या काढू लागली. आपण इंग्रजांना चालते व्हा म्हणून सांगितलं आणि त्यांनी १ सप्टेंबरला, स्वतः जागचे न हलता, आपली घड्याळं एक तास पुढे ढकलली. का, तर युद्धासाठी. उजेड वाचतो म्हणे.

आजोबांनी सत्याग्रह पुकारला. या सत्याग्रहाला तुरुंगवास नव्हता, लाठी नव्हती, फक्त भिंतीवरच्या लंबकाच्या घड्याळाला हात लावायचा नाही एवढंच व्रत होतं. घड्याळाची चावी त्यांच्या जानव्याला. वडील फोर्टातल्या एका कचेरीत कारकून. तिथला साहेब नव्या टाइमाचा. त्यांनी बापाशी वाद न घालता एक गजराचं घड्याळ आणलं आणि स्वयंपाकघरातल्या फडताळावर ठेवलं. बाहेरच्या खोलीत मुंबई टाइम आणि आतल्या खोलीत युद्धाचा टाइम, मध्ये उंबरठा. उंबरठा ओलांडला की माणूस एक तास एकोणचाळीस मिनिटांनी म्हातारा होई. तिसरा, म्हणजे जुना स्टँडर्ड टाइम, शेजारच्या भटजींबरोबर आमच्याकडे येई. त्यांचं पंचांग आधीच छापून आलेलं होतं आणि ते काही युद्धासाठी फाडून टाकणार नव्हते.

वडील नऊला निघत. बाहेरच्या घड्याळात तेव्हा सात वाजून एकवीस मिनिटं. आजोबा पेपरातून मान वर करून रोज विचारत, "एवढ्या पहाटे कुठल्या कचेरीत झाडू मारायला जातोस?" वडील "येतो अण्णा" म्हणत जिना उतरत. आजोबांचं पान दहाला, त्यांच्या दहाला, म्हणजे आतल्या घड्याळात बारा वाजायला आलेले. कोळसा मिळेना, रॉकेल मिळेना, आणि आई एका घरात दोन वेळा चूल पेटवून दोन टाइमांना जेवायला वाढतेय. तिला मी एकदाच चिडलेली पाहिली. ती म्हणाली, "त्या हिटलरला एकदा इथे स्वयंपाकाला ठेवा."

आजीला या कशाचंच काही नव्हतं. तिचं घड्याळ म्हणजे नळ. तो कधी येतो ते तिला नळाच्या घशातल्या आवाजावरून कळे. आजोबा मात्र अभिमानाने सांगत, नळ म्युनिसिपालिटीचा आहे, तो मुंबई टाइमानेच येतो. आजीचा राग फक्त उजेडावर. मे महिन्यात नव्या टाइमाने रात्रीचे आठ वाजायचे आणि गॅलरीत अजून उजेड. "आठ वाजता उजेड! दिवेलागण करू कधी आणि पोरांना शुभंकरोति म्हणायला लावू कधी?" जानेवारीत उलटं. मला सकाळच्या शाळेला पिटाळत तेव्हा बाहेर चक्क रात्र. त्यात रस्त्यावरच्या दिव्यांना काळे बुरखे. एकदा मी गोखले रोडवर एका गाईला "सॉरी" म्हटल्याचं आठवतं. गाय सभ्य होती.

खरे हाल झाले ते १९४३ च्या मे महिन्यापासून, रेशनिंग आलं तेव्हा. धान्यासाठी रांग लावण्याचं खातं माझ्याकडे. दुकानावर पाटी, "सकाळी ८ ते १२." यातले आठ कुठले, हे दुकानदार सांगत नसे, कारण सांगितलं तर कुणीतरी बरोबर टाइमाला येण्याची भीती. मला घरून निघताना वेळ सांगणार आजोबा. "आत्ताशी साडेसहा झालेत, चहा पिऊन जा." मी चहा पिऊन जाई, तोवर रांग शेजारच्या गल्लीत वळलेली आणि तिच्यात माणसांपेक्षा पिशव्या, विटा आणि फुटके डबेच जास्त. प्रत्येक विटेच्या मागे एक संतप्त कुटुंब.

त्या रांगेत "किती वाजले?" या प्रश्नाला "कुठले?" हेच उत्तर मिळे. दोन गृहस्थांचं जुंपलेलं अजून डोळ्यांसमोर आहे. एक म्हणे, मी सहापासून उभा आहे. दुसरा म्हणे, मी साडेचारपासून. दोघेही एकाच जिन्याने उतरून एकत्रच आले होते, हे मी पाहिलं होतं; पण मी पडलो पोर, बोलतो कशाला? शेवटी साडेचारवाल्याला पुढचा नंबर मिळाला. त्या दिवसापासून आजोबांच्या टाइमाचा एक तरी उपयोग आहे, हे मला पटलं.

त्याच मे महिन्यात आत्याचं लग्न निघालं. मुहूर्त भटजींनी पंचांगातून काढला, दहा वाजून बारा मिनिटं. पत्रिकेत "१०-१२ (स्टँ. टा.)" असं बारीक टायपात छापलं आणि कंसातलं कुणी वाचत नाही हा अनुभव पदरात पाडून घेतला. वऱ्हाडाचा निम्मा भाग नव्या टाइमाने, म्हणजे तासभर आधी येऊन बसला आणि सगळा चहा, चिवडा फस्त करून "अजून कसं काही हालत नाही?" असं विचारू लागला. साखर रेशनवर. आईचा चेहरा बघवेना. भटजी मात्र शांत. त्यांनी पाण्याच्या घंगाळात घटिकापात्र सोडलं. तांब्याची वाटी, बुडाला बारीक भोक. पाणी भरून बुडाली की चोवीस मिनिटं झाली. त्या वाटीला व्हाइसरॉय ठाऊक नव्हता. दोन्हीकडची मंडळी घंगाळाभोवती डोकी घालून उभी राहिली आणि युद्ध सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच आमच्या नातेवाइकांत वेळेबद्दल एकमत झालं.

अक्षता पडल्या. मंगलाष्टकं संपून एकोणचाळीस मिनिटं होत आली तेव्हा आजोबांचे जुने दोस्त, सगळे म्युनिसिपालिटीतले पेन्शनर, काठ्या टेकत, हातात अक्षतांच्या पुड्या घेऊन बरोबर मुंबई टाइमाला दारात हजर. आजोबांनी त्यांच्यासाठी भटजींना शेवटचं मंगलाष्टक पुन्हा म्हणायला लावलं. दक्षिणेचाही घोळ झाला. त्या काळात बाजारातून चिल्लर गायब होती. सरकारने भोकाचा पैसा काढला तोही याच वर्षी, तांबं वाचवायला. पण तोही हाताला लागेना. वडिलांनी वरचे आणे पोस्टाच्या तिकिटांत दिले. भटजींनी ती कनवटीला लावली. मे महिन्याचा घाम. संध्याकाळी भटजी घरी पोचले तेव्हा बादशहाची बरीचशी मुंडकी त्यांच्या पोटाला चिकटलेली होती.

१९४४ च्या १४ एप्रिलला गोदीत 'फोर्ट स्टायकिन' जहाजाचा स्फोट झाला. त्यात थट्टेसारखं काही नव्हतं, शेकडो माणसं गेली. आमच्या खिडक्या थडथडल्या आणि सगळे जिन्यात धावले. जपानी आले असंच वाटलं. पण रात्री, भीती ओसरल्यावर, स्फोट कधी झाला यावरून घरात वाद पेटलाच. वडील म्हणाले चारनंतर. भटजी म्हणाले तीननंतर. आजोबा म्हणाले, "मी घड्याळाकडे बघत होतो, अडीचला तीन कमी." पुढे पेपरात चार वाजून सहा मिनिटं छापून आले, तेव्हा आजोबांनी पेन्सिलीने ते खोडून समासात "२-२७" लिहिलं.

१५ ऑक्टोबर १९४५ ला सरकारने तो एक तास परत केला. वडिलांनी गजराचं घड्याळ मागे घेतलं. आजोबांना काहीच करावं लागलं नाही. ते म्हणाले, "बघ, एक तास माघार घेतली. आता एकोणचाळीस मिनिटं राहिली. तीही देतील."

आणि मग १९४७. १४ ऑगस्टच्या रात्री सगळा माळा आमच्या शेजाऱ्यांच्या रेडिओभोवती. बाराचे ठोके पडले, शंख वाजले, रस्त्यावर एकच जल्लोष. वडील पेढ्यांचा पुडा घेऊन घरात आले, तर आजोबा आरामखुर्चीत ढिम्म. भिंतीवर अकरा वाजून एकवीस मिनिटं. "अजून झालेलं नाही," ते म्हणाले, "पुडा खाली ठेव." बापाचा शब्द मोडायची पद्धत नव्हती. बाहेर फटाके उडत होते आणि आम्ही सगळे पुड्याभोवती मांडी घालून, लंबकाकडे बघत, इंग्रजी अमलाखाली ताटकळत बसलो. दहाएक मिनिटांनी आजी उठली. पुडा सोडून एक पेढा तोंडात टाकला आणि म्हणाली, "मला पहाटे नळावर जायचंय. तुमचं स्वातंत्र्य आलं की दिवा मालवून झोपा."