'इम्बाइब' म्हणजे फक्त दारू पिणे? नाही, आणि सुचवलेला उपायही चुकीचा

शाळाप्रवेशाचे दिवस आले की मुंबईतल्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक चित्र फिरायला लागतं. मजकूर साधारण असा: 'शाळांनो, लाज बाळगा! इम्बाइब म्हणजे दारू पिणे. मूल्यांसाठी हा शब्द वापरणं हा भारतीयांचा शोध आहे, इंग्रज असं कधीच म्हणत नाहीत. जिथे इम्बाइब दिसेल तिथे इन्कल्केट लिहा, अर्थ तोच.' मी इंग्रजी शिकवते. या चित्रावर विसंबून मुलांच्या वहीतली बरोबर वाक्यं खोडली जातात, ते मला सहन होत नाही. म्हणून एकेक मुद्दा घेते.

आधी दारू. हा अर्थ शब्दकोशात आहे, नाही असं नाही. 'ही डझन्ट इम्बाइब' एवढंच म्हटलं, पुढे कर्म दिलं नाही, तर विषय दारूचाच असतो, आणि बोलणाराही जरा नटवून किंवा गमतीने बोलत असतो. पण हा त्या शब्दाच्या अनेक अर्थांपैकी एक. मूळ लॅटिन 'इम्बिबेरे'. त्यात 'इन' म्हणजे आत आणि 'बिबेरे' म्हणजे पिणे. हा 'बिबेरे' आणि आपल्या संस्कृतातला 'पिबति' एकाच मूळ धातूतून आलेले. काय प्यायचं, ते या शब्दात कुठेच सांगितलेलं नाही. सुकं बी पाणी ओढून घेऊन फुगतं त्याला वनस्पतिशास्त्रात 'इम्बिबिशन' म्हणतात. रात्री भिजत घातलेले वाल सकाळी टरारून फुगलेले असतात आणि बोटाने दाबलं की सालातून सुटतात, त्याची सुरुवात याच क्रियेने होते. बी मेलेलं असलं तरी ते असं पाणी ओढतं.

'भारतीयांचा शोध' हा मुद्दा तर तारखांपुढेच टिकत नाही. लॅटिनमध्ये या शब्दाचा मुख्य वापर मनात मुरवून घेण्यासाठीच होत असे. इंग्रजीत तो अर्थ सोळाव्या शतकात आला. मुंबईची बेटं ईस्ट इंडिया कंपनीकडे आली १६६८ मध्ये. इंग्रज कोशकार सॅम्युअल जॉन्सनच्या १७५५ च्या इंग्रजी शब्दकोशात पहिला अर्थ आत ओढून घेणे आणि दुसराच अर्थ मनात घेणे असा आहे. शिवाय आपण मराठी माणसांनी या कल्पनेला परकं का म्हणावं? आपल्याकडे देशभक्तीचं बाळकडू पाजतात, कायदा कोळून पितात.

आता तिसरा मुद्दा, इन्कल्केटचा. सगळ्यात जास्त नुकसान यानेच होतं, कारण चित्र करणाऱ्याला खरी चूक जवळजवळ सापडली होती. शाळांच्या पत्रकांत आणि कुंपणाच्या भिंतींवर चूक आहेच. 'वुई इम्बाइब डिसिप्लिन इन एव्हरी चाइल्ड' हे वाक्य चुकलेलं आहे. पण दारूमुळे नाही. देणारा आणि घेणारा यांची अदलाबदल झाल्यामुळे. इम्बाइब करतो तो घेणारा. मूल इम्बाइब करतं, शाळा करत नाही. 'चिल्ड्रेन इम्बाइब डिसिप्लिन फ्रॉम देअर टीचर्स' हे बरोबर. शाळेला कर्ता करायचं असेल तर 'वुई इन्स्टिल डिसिप्लिन इन एव्हरी चाइल्ड' किंवा तिथे 'इन्कल्केट'.

इम्बाइब आणि इन्कल्केट यांची दिशाच उलटी आहे, त्यामुळे 'अर्थ तोच' हे साफ खोटं. सरसकट बदल केला की 'चिल्ड्रेन इन्कल्केट डिसिप्लिन फ्रॉम देअर टीचर्स' असं होतं, म्हणजे बरोबर वाक्य बिघडतं. देणाऱ्या दोन शब्दांतही फरक आहे. इन्कल्केटच्या मुळाशी लॅटिनमधली टाच आहे. टाचेने तुडवून बसवणे, म्हणजे पुन्हा पुन्हा सांगून ठसवणे. इन्स्टिलच्या मुळाशी थेंब आहे, हळूहळू आत उतरवणे. लहान मुलांच्या शाळेने दुसरा शब्द निवडावा, असं माझं मत.

ही अदलाबदल आपल्याकडे एवढी का होते? मला कारण आपल्याच भाषेत दिसतं. पिणे-पाजणे, शिकणे-शिकवणे असे जोड आपल्याला आहेत, पण 'अंगी बाणवणे' दोन्हीकडे चालतं. 'मी शिस्त अंगी बाणवली' आणि 'बाईंनी मुलांच्या अंगी शिस्त बाणवली', दोन्ही शुद्ध मराठी. मनात बाणवणे असतं, कागदावर इम्बाइब उतरतो, आणि तो एकाच दिशेने चालतो. कोणी जॉन्सनचा तिसरा अर्थ, भिजवणे, पुढे करील. तो अर्थ विरळ असल्याचं त्यानेच नमूद केलं आहे, आज तो जुनाट झाला आहे, आणि त्यातही कर्म असतं ती भिजणारी वस्तू. 'इम्बाइब व्हॅल्यूज इन' ही रचना त्यातूनही सिद्ध होत नाही. नोकरीच्या अर्जातलं 'आय वॉन्ट टु इम्बाइब माय स्किल्स इन युवर कंपनी' हे त्याच चुकीचं भावंड.

चित्राचं ऐकून हा शब्दच टाकून दिला तर एक छटा जाते. पाढे 'लर्न' करतात, इम्बाइब करत नाहीत. सोबतीने, न शिकवता जे आत मुरतं त्याला इम्बाइब. सेकंड क्लासच्या डब्यात तिघांच्या बाकावर चौथ्याने जेमतेम टेकायचं, आधीच्या तिघांनी न बोलता बोटभर सरकायचं, हे मुंबईच्या पोराला कोणी धडा देऊन शिकवत नाही. ते तो इम्बाइब करतो. घरातले पूर्वग्रहही तसेच. हा शब्द चांगल्याचाच आहे असं नाही.

तेव्हा वही तपासताना आधी कर्ता पाहा. मूल कर्ता असेल तर इम्बाइब राहू द्या. शाळा, आई किंवा बाई कर्ता असतील, तरच खोडा आणि वर इन्स्टिल लिहा.