आवाज कुठून येतोय?

डेट्रॉइटच्या आसपास राहणाऱ्या मराठी माणसाने एक वेळ स्वतः आजारी पडावं पण गाडीला काही होऊ देऊ नये. नोव्हाय, ट्रॉय, कॅन्टन ह्या पट्ट्यात आपल्यातलं कोणीही घ्या, एकतर गाडीच्या कंपनीत नाहीतर त्यांना पार्ट पुरवणाऱ्या कंपनीत. आडनावं सारखी रिपीट होतात त्यामुळे लोक पार्टवरूनच ओळखले जातात, सीटवाले, वायपरवाले, बेअरिंगवाले. आजारी पडलात तर निदान मराठी मंडळातले सगळे डॉक्टर तरी नसतात.

तर जानेवारीतली सकाळ, आमच्या सबडिव्हिजनचं, म्हणजे कॉलनीचं, वळण, आणि ब्लॅक आइस, म्हणजे दिसायला नुसता ओला रस्ता. ब्रेक दाबला तर पायाखाली एबीएस, म्हणजे चाक जाम होऊ न देणारी ब्रेकची यंत्रणा, धडधडायला लागलं, स्टेअरिंग डावीकडे पूर्ण फिरवलंय, आणि गाडी आपली सरळ चालली आहे, अतिशय शांतपणे, तिला कुठे जायचंय ते तिचं आधीच ठरलं होतं. उजवं पुढचं चाक धप्पकन कर्बवर, म्हणजे रस्त्याच्या कडेच्या दगडी कठड्यावर. स्पीड म्हणाल तर समोरच्या घरातल्या आजी वॉकर घेऊन आमच्या पुढे गेल्या असत्या.

ह्यावर प्रत्येकाचा पहिला प्रश्न, "पण तुझी ऑल व्हील ड्राइव्ह आहे ना?" अरे आहे की! पण ते चारी चाकांना ताकद देतं ती निघायला, थांबायला खाली पकड लागते आणि ऑल सीझन टायरचं रबर साधारण सात डिग्रीच्या खाली गेलं की कडक व्हायला लागतं. बरं बर्फ वितळवायच्या मिठाचं म्हणाल तर डेट्रॉइट शहराच्या खाली हजार फुटांपेक्षा खोल मिठाची खाण आहे, अजून चालू, तिथलं मीठ रस्त्यांवर पडतं. पण ते आधी हायवेला, मग मोठ्या रस्त्यांना, आमच्या गल्लीत येईपर्यंत ट्यूलिप उगवतात. आणि त्या दिवशी उणे पंधरा होतं, त्या थंडीत साधं मीठ टाकूनही ते फारसं काही करत नाही.

गाडी मागे घेतली, हळूहळू घरी आणली, तर चाकातून आवाज. खर्रर्र... खर्रर्र... चाकाबरोबर फिरणारा. आणि इथे मी तो आवाज मंडळाच्या ग्रुपवर टाकला.

संध्याकाळी ड्राइव्हवेत सभा भरली. सस्पेन्शनवाले आले, जॅकेटच्या खिशातले हात बाहेर न काढता चाकाकडे बघत उभे राहिले आणि म्हणाले, "लोड केस काय होती? लॅटरल की लॉन्जिट्यूडिनल?" म्हटलं साहेब, धप्प होती. ह्या माणसाने आयुष्यात चाक गाडीला जोडणारे हजारो कंट्रोल आर्म बघितलेत, सगळे स्क्रीनवर. बेअरिंगवाल्यांना अर्थातच बेअरिंगचा आवाज आला, मग गाडी डावीकडे वळवली की वजन उजव्या चाकावर येतं आणि आवाज वाढतो का बघायचं म्हणून त्यांनी मला मंदिराच्या रिकाम्या पार्किंगमध्ये आठचे आकडे काढायला लावले आणि स्वतः मागच्या सीटवर डोळे मिटून गाणं ऐकल्यासारखे बसले. वायपरवाले म्हणाले काच तरी ठीक आहे. त्यांना त्याहून जास्त काही म्हणायचं नव्हतं, मला तेच सगळ्यात प्रामाणिक वाटले.

नाशिकहून बाबा व्हिडिओ कॉलवर. "फोन चाकाजवळ ने रे, इथून ऐकतो." मी बर्फात गुडघे टेकून फोन चाकाला लावलाय, बायको गाडी पुढे मागे करतेय, आणि बाबांना ढिम्म काही ऐकू येईना, कारण हल्लीचे कॉल असला घरघर-खरखर आवाज आपणहून काढून टाकतात. बाबांनी निर्णय दिला, "काही झालेलं नाही, गाडी ठणठणीत आहे."

ह्या सगळ्यात बायकोने फक्त एवढंच विचारलं, "अरे, स्टेअरिंगवरचा लोगो असा तिरकाच असतो का?" सस्पेन्शनवाल्यांसकट कोणी लक्ष दिलं नाही, आवाजाचं बोलणं चालू होतं.

शेवटी गॅरेज. मेकॅनिकने गाडी लिफ्टवर घेतली, चाक काढलं, ब्रेकच्या डिस्कच्या मागे पातळ पत्र्याची एक ताटली असते, डस्ट शील्ड, ती वाकून डिस्कला घासत होती. त्याने अंगठ्याने दाबली. अंगठ्याने! आवाज गायब. म्हटलं किती झाले, तर म्हणाला ह्याचे काय घ्यायचे. मी इतका खूश झालो की टिप द्यायला पाकीट काढलं.

तेवढ्यात त्याने टॉर्च मारली आणि मला बोलावलं. टायरच्या आतल्या बाजूला फुगवटा. म्हणजे आतले दोरे तुटलेत आणि हवा आता नुसत्या रबराला बाहेर ढकलतेय, ह्याला पंक्चर काढण्यासारखा काही इलाज नाही, हायवेवर कधीही फुटू शकतो. मग त्याने चाक दोन्ही बाजूंनी, घड्याळातल्या तीन आणि नऊवर धरून हलवलं, आणि टाय रॉड दाखवला, स्टेअरिंगचं वळण चाकापर्यंत नेणारा दांडा. सरळ असायला हवा तो मध्ये बाक काढून बसलेला. अलाइनमेंटच्या मशीनवर लावल्यावर स्क्रीनवर डावीकडचे आकडे हिरवे, उजवीकडचा टो, म्हणजे चाकाचं तोंड किती आत-बाहेर वळलंय तो आकडा, लालभडक. डावं चाक सरळ बघतंय आणि उजवं लग्नात कोपऱ्यात उभ्या असलेल्या कंटाळलेल्या मामासारखं भलतीकडेच. म्हणून सरळ जायला स्टेअरिंग तिरकं धरावं लागत होतं, म्हणून लोगो तिरका. ह्यातल्या कशानेही एक शब्द आवाज केला नव्हता.

टायर एकच घ्यायचा ना? नाही. जुने तीन निम्मे झिजलेले, आणि ऑल व्हील ड्राइव्हला चारी टायरची जाडी जवळपास सारखी लागते नाहीतर आतले गिअर नुसते एकमेकांशी भांडत बसतात. म्हणजे चारी. जे थांबताना कामाला आलं नाही ते बिलाला बरोब्बर आलं.

इन्शुरन्सला फोन केला. मिशिगनमध्ये ब्रॉड कोलिजन नावाचा प्रकार आहे, चूक तुमची निम्म्याहून जास्त नसेल तर डिडक्टिबल, म्हणजे दुरुस्तीतली आधी आपल्या खिशातून भरायची रक्कम, माफ. पलीकडच्या बाईंनी विचारलं, दुसरी पार्टी कोण? म्हटलं कर्ब. थोडं थांबून त्यांनी अत्यंत गंभीरपणे विचारलं, तो हलत होता का?

बिल झालं 964 डॉलर. डिडक्टिबल 1,000. बायकोने दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले, बराच वेळ बघितले आणि म्हणाली, "आपटलीसच ना एवढी, मग जरा नीट आपटायची!"